समान चूक, समान कूळ : उंदरांच्या रंगातील उत्परिवर्तन आणि तौलनिक अभ्यासाची पद्धती

१. प्रास्ताविक

'जर्नल ऑफ जेनेटिक्स' हे नियतकालिक बंगळूरु येथील भारतीय विज्ञान अकादमी प्रसिद्ध करते. विल्यम बेटसन आणि आर. सी. पनेट यांनी १९१० मध्ये इंग्लंडात त्याचा आरंभ केला. पुढे जे. बी. एस. हाल्डेन हे त्याचे संपादक झाले आणि १९५७ मध्ये ते भारतात आले तेव्हा नियतकालिकही त्यांच्याबरोबर भारतात आले. १९६४ मध्ये भुवनेश्वर येथे हाल्डेन यांचे निधन झाल्यावर त्यांच्या पत्नी हेलन स्परवे यांनी ते काही काळ चालविले. १९८५ मध्ये अकादमीने त्याचे पुनरुज्जीवन केले.

या नियतकालिकाच्या १९१५ च्या खंडात तीन पानांचे एक टिपण आहे. विषय उंदरांच्या रंगाचा. लेखक तीन : हाल्डेन, त्यांचे मित्र ए. डी. स्प्रंट आणि हाल्डेन यांची धाकटी बहीण नेओमी. स्प्रंट त्याच वर्षी फ्रान्समधील रणभूमीवर मारले गेले होते. युद्धामुळे काम अपुरे असतानाच ते प्रसिद्ध करावे लागत आहे, असे टिपणातच नमूद केलेले आहे. सस्तन प्राण्यांमधील जनुकीय सहलग्नतेचा, म्हणजे दोन गुण एकत्रितपणे पुढच्या पिढीत उतरण्याचा, पहिला पुरावा म्हणून हे टिपण गणले जाते. नेओमी हाल्डेन पुढे नेओमी मिचिसन या नावाने इंग्रजीतील मान्यवर कादंबरीकार झाल्या. जेम्स वॉटसन यांनी 'द डबल हेलिक्स' (१९६८) हे आपले पुस्तक त्यांनाच अर्पण केले आहे.

साहित्याच्या अभ्यासकाने या टिपणाकडे वळावे, याचे कारण केवळ एका लेखिकेचे त्यावरील नाव हे नव्हे. तौलनिक साहित्याभ्यासाच्या परिभाषेत 'वंशवृक्ष', 'वारसा', 'संकर', 'उत्परिवर्तन' हे शब्द सर्रास वापरले जातात. ते जेथून उचलले गेले, त्या क्षेत्रात त्यांचा अर्थ काटेकोर आहे. दोन कृतींतील साम्य दिसले की एकीचा प्रभाव दुसरीवर पडला असे म्हणण्याची घाई आपल्याकडे वारंवार होते. साम्य आणि नाते यांची फारकत कशी करावी, हा प्रश्न उंदरांच्या रंगाच्या अभ्यासकांना शंभर वर्षांपूर्वीच सोडवावा लागला. ती रीत समजावून देणे आणि पाठचिकित्सेशी तिचे साधर्म्य कोठवर टिकते हे पाहणे, एवढाच प्रस्तुत लेखाचा हेतू आहे.

२. रंग कसा घडतो

रानातल्या उंदराचा करडा रंग हा एकच रंग नसतो. त्याचा प्रत्येक केस मुळाशी व टोकाशी काळा असतो आणि मध्ये पिवळसर पट्टा असतो. या दोहोंच्या मिश्रणातून मातकट छटा भासते. हे रंग मेलॅनिन या रंगद्रव्याचे होत. ते विशिष्ट पेशींत तयार होते, सूक्ष्म कणांच्या रूपाने पेशीच्या शाखांकडे वाहून नेले जाते आणि वाढत्या केसात भरले जाते. रंगद्रव्य तयार करणे, काळे की पिवळे हे ठरविणे आणि ते वाहून नेणे ही निरनिराळी कामे आहेत आणि प्रत्येकासाठी निरनिराळी जनुके लागतात. उंदराच्या रंगावर परिणाम करणारी शंभराहून अधिक जनुके आज ज्ञात आहेत.

जनुक हा चार अक्षरांच्या लिपीत लिहिलेला मजकूर आहे, असे म्हणण्याचा प्रघात आहे. पेशी दुभंगताना या मजकुराची नक्कल होते आणि नक्कल करताना क्वचित चूक राहते. कोणी मुद्दाम न घडविता, किरणोत्सर्ग किंवा रसायने न वापरता, अशी चूक आपोआप उद्भवली तर तिला स्वयंस्फूर्त उत्परिवर्तन म्हणतात. शरीराच्या आतील बहुतेक उत्परिवर्तने नजरेस पडत नाहीत. रंगाचे मात्र पिंजऱ्यात डोकावताच दिसते. शिवाय बंदिस्त पैदाशीत असा उंदीर सहसा त्यामुळे मरत नाही. म्हणून आनुवंशिकीचे पहिले धडे याच प्राण्याच्या अंगावर गिरवले गेले. प्रयोगशाळांच्या आधी छांदिष्टांनी हे काम केले होते. जपानमध्ये रंगीबेरंगी उंदरांच्या पैदाशीवर १७८७ मध्येच एक मार्गदर्शक पुस्तक निघाले होते.

१९०२ मध्ये फ्रेंच जीवशास्त्रज्ञ ल्यूसियाँ क्यूएनो यांनी करड्या व पांढऱ्या उंदरांचा संकर करून मेंडेलचे नियम प्राण्यांनाही लागू पडतात हे दाखविले. पांढरा, म्हणजे अल्बिनो, हा गुण अप्रभावी ठरला : आई आणि बाप या दोघांकडून सदोष प्रत मिळाली तरच पिलू पांढरे होते, एकच मिळाली तर ते करडे दिसते, पण दोष पुढच्या पिढीकडे नेते.

३. दोन फिकट उंदरांची गडद पिले

१९१५ च्या टिपणाची पूर्वकथा पाठचिकित्सकाला ओळखीची वाटावी अशी आहे. ए. डी. डार्बिशायर यांनी विसाव्या शतकाच्या आरंभी फिकट रंगाचे, गुलाबी डोळ्यांचे जपानी उंदीर आणि अल्बिनो उंदीर यांचा संकर करून त्याची आकडेवारी प्रसिद्ध केली होती. अल्बिनोचे डोळेही गुलाबीच असतात. तरीही या दोहोंची पिले गडद डोळ्यांची निघाली.

याचा अर्थ असा, की दोन्ही आईबापांचे 'गुलाबी डोळे' हे एकाच चुकीचे फळ नव्हते. एकाच्या एका जनुकात दोष होता, दुसऱ्याच्या दुसऱ्या. पिलाला प्रत्येक जनुकाची एक निर्दोष प्रत मिळाली आणि रंग परतला. दोष एकाच जनुकात असता तर पिलाला निर्दोष प्रत कोठूनच मिळाली नसती. ही कसोटी पुढे आनुवंशिकीत पायाभूत ठरली. दोन वस्तू सारख्या दिसतात म्हणून त्या सारख्या समजू नयेत. त्यांना एकत्र आणावे आणि एकीची उणीव दुसरी भरून काढते का ते पाहावे.

हाल्डेन यांना या छापील आकड्यांत आणखी एक गोष्ट आढळली : हे दोन दोष पुढच्या पिढ्यांत परस्परांपासून स्वतंत्रपणे वाटले जात नव्हते. पडताळ्यासाठी स्वतःचे उंदीर वाढविणे आले, आणि त्यातून ते टिपण झाले. आज आपण जाणतो की ही दोन्ही जनुके उंदराच्या सातव्या गुणसूत्रावर आहेत. टिपणाच्या शीर्षकात मात्र सहलग्नता हा शब्द नाही. बेटसन यांच्या उपपत्तीतील 'रिडुप्लिकेशन' हा शब्द आहे. ती उपपत्ती पुढे टाकून दिली गेली. निरीक्षण टिकले, परिभाषा गळून पडली.

४. पांढऱ्या उंदरांचे एक घराणे

जगभरच्या प्रयोगशाळांत अल्बिनो उंदरांचे अनेक वाण आहेत. न्यूयॉर्कच्या हॅल्सी बॅग यांनी १९१३ मध्ये एका विक्रेत्याकडून घेतलेल्या उंदरांपासून 'बाल्ब-सी' हा वाण आला. क्लॅरा लिंच यांनी १९२६ मध्ये स्वित्झर्लंडहून अमेरिकेत नेलेल्या मूठभर उंदरांपासून 'स्विस' वाणांची शाखा फुटली. भारतीय प्रयोगशाळांत 'स्विस अल्बिनो' म्हणून ओळखला जाणारा उंदीर त्याच शाखेचा. नावे वेगळी, नोंदी वेगळ्या, देश वेगळे.

मेलॅनिन बनविण्याची पहिली पायरी टायरोसिनेज या विकरावर अवलंबून असते. १९९० मध्ये या विकराच्या जनुकाचे वाचन झाले तेव्हा असे दिसले, की परंपरागत अल्बिनो वाणांत चूक एकच आहे : प्रथिनाच्या १०३ व्या स्थानी सिस्टीन या अमायनो आम्लाऐवजी सेरीन आले आहे. जनुकातील एका अक्षराच्या बदलाने हे घडते. हे विकर निकामी करू शकणारे बदल असंख्य आहेत. त्यांतून नेमका हाच बदल अनेक वाणांत वेगवेगळा घडला असण्याचा संभव अत्यल्प. म्हणून निष्कर्ष असा, की हे सारे पांढरे उंदीर छांदिष्टांनी जोपासलेल्या एकाच प्राचीन पांढऱ्या पूर्वजाचा वारसा सांगतात.

याच्या उलट उदाहरणही आहे. अमेरिकेतील जॅक्सन प्रयोगशाळेत 'सी-५७ ब्लॅक-६' या काळ्या वाणात एकदा आपोआप पांढरे पिलू जन्मले. दिसायला ते इतर अल्बिनोंहून वेगळे नव्हते. इतर अल्बिनोंशी संकर केला तरी पिले पांढरीच. म्हणजे दोष टायरोसिनेजमध्येच. परंतु जनुक वाचल्यावर चूक १०३ व्या नव्हे, ७७ व्या स्थानी आढळली. जनुक तेच, परिणाम तोच, उगम मात्र स्वतंत्र. रंगावरून कळणार नव्हते, संकरावरूनही कळणार नव्हते. ते अक्षरावरून कळले.

५. पाठचिकित्सेतील तोच न्याय

पाठचिकित्सेच्या अभ्यासकाने एव्हाना हा न्याय ओळखला असेल. एकोणिसाव्या शतकात कार्ल लाखमान यांच्या नावाने रूढ झालेल्या पद्धतीचे मर्म असे, की दोन पोथ्या शुद्ध पाठावर एकमत असल्या तर त्यावरून त्यांचे विशेष नाते सिद्ध होत नाही. मूळ दोघींनाही मिळाले एवढेच ठरते. नाते सिद्ध होते ते समान चुकीवरून, आणि तीही अशी, की दोन नकलकारांच्या हातून सहजी वेगवेगळी घडणार नाही. एखादा ऱ्हस्व-दीर्घाचा फरक कोणाच्याही हातून होईल. पण दोन पोथ्यांत एकाच ठिकाणी तेच साडेतीन चरण गळले असतील, तर त्यांचे मूळ एक आहे. १०३ व्या स्थानाचे सेरीन हे असे गळलेले साडेतीन चरण आहेत.

पुण्याच्या भांडारकर प्राच्यविद्या संशोधन मंदिराने १९१९ मध्ये आरंभलेले आणि १९६६ मध्ये पूर्णत्वास गेलेले महाभारताच्या चिकित्सक आवृत्तीचे कार्य येथे आठवते. आदिपर्वाच्या प्रस्तावनेत (१९३३) वि. सी. सुखटणकर यांनी वंशवृक्षाच्या पद्धतीच्या मर्यादाही दाखविल्या. महाभारताच्या पोथ्या एकमेकींत इतक्या मिसळल्या आहेत की शुद्ध वंशवृक्ष उभा राहत नाही. नकलकार एक पोथी समोर ठेवून लिहीत असे आणि दुसरीतील अधिक श्लोकही सामावून घेत असे. तेव्हा परस्परांपासून दूर असलेल्या परंपरांचे एकमत हाच त्यांनी आधार मानला.

साधर्म्याची पहिली मर्यादा येथे दिसते. उंदराच्या पिलालाही दोन 'मूळ प्रती' असतात, परंतु त्या दोनच, आणि त्यांची सरमिसळ नियमाने होते. ती मोजता येते. १९१५ च्या टिपणाने नेमके हेच मोजले. पोथीच्या मिश्रणाला असा नियम नाही. नकलकार किती पोथ्या पाहील आणि कोणत्या श्लोकाचा त्याला मोह पडेल, याचे गणित मांडता येत नाही.

६. प्रक्षेप आणि त्याचा मागे उरणारा ठसा

सर्व उत्परिवर्तने अक्षरबदलाची नसतात. १९०९ मध्ये सी. सी. लिट्‌ल यांनी ज्या वाणाची पैदास सुरू केली, त्या 'डीबीए' वाणाचे नावच त्याच्या तीन रंगदोषांच्या इंग्रजी आद्याक्षरांचे बनले आहे. त्यांतील पहिला दोष फिकटपणाचा. या उंदरात रंगद्रव्य तयार होते, पण पेशीच्या शाखांपर्यंत नीट पोचत नाही. कण जागोजागी गोळा होतात आणि काळा रंग राखाडी भासतो. १९८१ मध्ये कारण कळले : वाहतुकीच्या प्रथिनाच्या जनुकात एका विषाणूचा मजकूर घुसलेला होता. पाठचिकित्सेच्या भाषेत हा प्रक्षेप होय.

अशा उंदरांच्या वंशात अधूनमधून एखादे पिलू पुन्हा गडद निघते. विषाणूच्या मजकुराच्या दोन्ही टोकांना एकसारखी पुनरुक्ती असते. ती टोके परस्परांशी जुळली की मधला मजकूर गळून जातो. मात्र एक टोक मागे राहते. हे १९८३ मध्ये सिद्ध झाले. म्हणजे केस मूळ रंगाचा दिसतो, जनुक मूळचे नसते. प्रक्षेप काढून टाकला तरी तो कोठे होता याची खूण संहितेत उरते आणि तिच्यावरून त्या वंशाचा इतिहास सांगता येतो. संपादनाने 'शुद्ध' झालेल्या संहितेविषयीही असेच सावध राहावे लागते. एकनाथांनी शके १५०६ (इ. स. १५८४) मध्ये ज्ञानेश्वरीची प्रत शुद्ध केली. त्यानंतरच्या पोथ्यांतील सुबोध पाठ मूळचा की शोधनातून आलेला, हा प्रश्न प्रत्येक संपादकाला नव्याने विचारावा लागतो.

साधर्म्याची दुसरी मर्यादाही यातूनच स्पष्ट होते. एकनाथांचे शोधन हेतुपूर्वक होते, त्यामागे अर्थनिर्णय होता. उत्परिवर्तनाला हेतू नसतो. ज्या बदलामागे कर्त्याची निवड आहे, त्याला 'उत्परिवर्तन' म्हणणे म्हणजे कर्त्याला पुसून टाकणे होय.

७. मजकूर एक, रंग अनेक

आणखी एक प्रकार आजवरच्या मांडणीला पेच घालणारा आहे. काही उंदरांत पिवळा रंग ठरविणाऱ्या जनुकाच्या आधी एक उपरा तुकडा येऊन बसला आहे. हे उत्परिवर्तन १९६२ मध्ये नोंदले गेले. या वंशातील सख्खी भावंडे, जनुकीय मजकूर अक्षरशः सारखा असूनही, कोणी पिवळी, कोणी ठिपक्यांची, तर कोणी रानटी उंदरासारखी करडी निघतात. उपऱ्या तुकड्यावर रासायनिक खुणा किती चढल्या आहेत, यावर तो तुकडा बोलेल की गप्प राहील हे ठरते. या खुणा अंशतः मातेकडून पिलाकडे जाऊ शकतात असे १९९९ मध्ये दिसून आले. २००३ मध्ये वॉटरलँड आणि जर्टल यांनी दाखविले, की गरोदर मादीला फोलिक आम्लासारखी पूरके दिली तर करड्या पिलांचे प्रमाण वाढते.

संहिता तीच, परंतु ती कोठे आणि कोणत्या आधाराने वाचली जाते यावर तिचे प्रकट रूप बदलते, हे साहित्याच्या अभ्यासकाला नवे नाही. येथे लक्षात घ्यावयाचे ते इतकेच, की रूपातील भेदावरून संहिताभेदाचे अनुमान करणे जसे चूक, तसेच रूपातील साम्यावरून संहितेच्या एकत्वाचे अनुमान करणेही चूक.

८. बंगळूरुतील वाचन : सिमलिपालचे काळे वाघ

हीच वाचनरीत पिंजऱ्याबाहेर नेणारे अलीकडचे उदाहरण बंगळूरुच्याच राष्ट्रीय जीवविज्ञान केंद्राचे आहे. ओडिशातील सिमलिपाल व्याघ्रप्रकल्पात काही वाघांचे काळे पट्टे इतके रुंद व एकमेकांत मिसळलेले असतात की वाघ जवळजवळ काळा दिसतो. विनय सागर, उमा रामकृष्णन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये याचे कारण प्रसिद्ध केले : 'टॅकपेप' नावाच्या जनुकातील एका अक्षराचा बदल. भुवनेश्वरच्या नंदनकानन प्राणिसंग्रहालयात साध्या रंगाच्या आईबापांपोटी जन्मलेल्या काळ्या पिलांचे कुटुंब या शोधात उपयोगी पडले.

या जनुकाचे नाव आधीच परिचित झालेले होते. २०१२ मध्ये पाळीव मांजरांच्या अंगावरील वेटोळ्या पट्ट्यांचे आणि आफ्रिकेतील 'किंग' चित्त्याच्या रुंद पट्ट्यांचे कारण याच जनुकात सापडले होते. या चित्त्याला १९२७ मध्ये स्वतंत्र जाती म्हणून नाव देण्यात आले होते. १९८१ मध्ये दक्षिण आफ्रिकेत साध्या ठिपक्यांच्या मादीपोटी तसले पिलू जन्मले, तेव्हा तो पाठभेद आहे, वेगळा ग्रंथ नव्हे, हे उमगले. मांजर, चित्ता आणि वाघ यांतील बदल जनुकाच्या निरनिराळ्या स्थानी आहेत. एकाकडून दुसऱ्याकडे काही गेलेले नाही. जनुकाचे कामच असे आहे, की ते बिघडले की पट्टे पसरतात. १९५१ मध्ये रेवा संस्थानात पकडलेल्या 'मोहन' या वाघाच्या वंशातील पांढरेपणा आणखी निराळा : तो २०१३ मध्ये एका वेगळ्याच जनुकात सापडला, आणि पांढरा वाघ व पांढरा उंदीर यांचे साम्य केवळ वरवरचे ठरले.

सिमलिपालचा बदल देशभरातील वन्य आणि बंदिस्त मिळून ३९५ वाघांत तपासला गेला. वन्य वाघांत तो सिमलिपालबाहेर आढळला नाही. सिमलिपालमध्ये मात्र जनुकाच्या दर शंभर प्रतींत सुमारे ५८ सदोष होत्या. काळेपणा उपयुक्त म्हणून तो पसरला, असे मानण्याची गरज संशोधकांना भासली नाही. थोड्या संस्थापकांपासून वाढलेल्या, इतरांपासून तुटलेल्या कळपात निव्वळ योगायोगाने आणि आप्तांतील संबंधांमुळे असा दुर्मीळ पाठ बहुसंख्य होऊ शकतो. ज्या परंपरेत पोथ्या थोड्या आणि प्रदेश एकाकी, तेथे एखादा विचित्र पाठ सार्वत्रिक दिसला तर तो जुना वा प्रमाण ठरत नाही, हेही पाठचिकित्सक जाणतो.

येथे मात्र प्रश्न केवळ वाचनाचा राहत नाही. आप्तसंबंधांनी काळा रंग वाढतो, तसे न दिसणारे अपायकारक दोषही वाढू शकतात. म्हणून २०२४ च्या अखेरीस महाराष्ट्रातील ताडोबा-अंधारी व्याघ्रप्रकल्पातून जमुना आणि झीनत या दोन वाघिणी सिमलिपालला नेण्यात आल्या. झीनत तेथून निघून झारखंडमार्गे पश्चिम बंगालात पोचली आणि तिला डिसेंबरात पकडून परत आणावे लागले. ताडोबाच्या वाघिणीला काळ्या वाघापासून होणारी पहिली पिले साध्या पट्ट्यांचीच असतील. ज्या वैचित्र्यामुळे सिमलिपाल प्रसिद्ध झाले ते विरळ होण्याचा मार्ग आणि कळप सुदृढ होण्याचा मार्ग एकच आहे.

९. समारोप

वरील उदाहरणांवरून साम्याचे तीन प्रकार वेगळे करता येतात. पहिला, एकाच चुकीच्या वारशाने आलेले साम्य : प्रयोगशाळांतील परंपरागत पांढरे उंदीर. दुसरा, एकाच स्थळावरील स्वतंत्र बदलांनी आलेले साम्य : मांजर, चित्ता आणि वाघ, किंवा काळ्या वाणात नव्याने जन्मलेला पांढरा उंदीर. तिसरा, उगमाशी काहीच संबंध नसलेले साम्य : पांढरा वाघ आणि पांढरा उंदीर. यांतील फक्त पहिल्याला वारसा म्हणता येते.

कन्नड वचने आणि मराठी अभंग यांतील साम्यांची चर्चा करताना ही विभागणी हाताशी असावी. कर्मकांडाचा निषेध, जातिभेदाविषयीची चीड, देहाला देऊळ मानणे ही साम्ये बहुधा दुसऱ्या प्रकारची असू शकतात. समान समाजरचनेवर समान ताण आला की तेथे तोच सूर उमटू शकतो. प्रभाव सिद्ध करावयाचा तर पुरावा लहान आणि अडचणीचा हवा : एखादी अनपेक्षित प्रतिमा, चुकीने समजलेला शब्द, संदर्भाविना उरलेले नाव. जे कोणालाही सुचले असते ते सोडून, जे दुसऱ्यांदा सुचणे अवघड, तेच शोधावे लागते. असा तपशील मिळाला नाही तर 'प्रभाव' हा शब्द मागे घ्यावा. डार्बिशायर यांच्या कोष्टकात ती नोंद सर्वांसमोर छापलेली होती. ती वाचण्यासाठी हाल्डेन यांना उंदरांचा रंग पाहणे थांबवून त्यांचे वाटप मोजावे लागले.